रिकाम्या खुर्च्यांची वकिली

"अहो, पण ते बघायला जातं कोण?"

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसांची मला अलीकडे धास्ती बसली आहे. ही मंडळी ग्रंथालयाविषयी हेच विचारतात, देवळातल्या कीर्तनाविषयी हेच विचारतात, आणि चार दिवसांच्या क्रिकेट मॅचविषयी विचारतात तेव्हा तर उत्तराची वाटही बघत नाहीत. डोकी मोजायची, कमी भरली की कुलूप ठोकायचं, असा एकंदर हिशेब. ह्या हिशेबाने गेलं तर महाराष्ट्रातला सर्वांत यशस्वी सांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे संध्याकाळी साडेसहाचा दादर स्टेशनचा पूल!

आमचे जावईबापू ह्याच पंथाचे. माणूस अगदी सज्जन. बर्मिंगहॅमला संगणकावर काही तरी करतात. काय करतात ते त्यांनी मला तीनदा समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा मी मनापासून मान हलवली. मे महिन्यात आम्ही उभयता लेकीकडे गेलो होतो. एक दिवस मी म्हटलं, "उद्या वूस्टरला काउंटीची मॅच बघायला जावं म्हणतो." त्यांनी लगेच मोबाइलवर बोट फिरवलं.

"बाबा, त्यापेक्षा ऑगस्टपर्यंत राहा की. हंड्रेडची तिकिटं काढतो. अडीच तासांत सगळं आटोपतं. गाणी असतात, उजेडाचे झोत असतात. ह्या काउंटीला तुमच्याशिवाय कुणी असायचं नाही."

"म्हणजे जागा मिळेल," मी म्हटलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काउंटी म्हणजे जिल्हा. इंग्लंडात अशा अठरा जिल्ह्यांचे पहिल्या दर्जाचे संघ आहेत. (त्यात ग्लॅमॉर्गन वेल्समधला. अठरावा डरहॅम, तो १९९२ साली पंगतीत आला.) त्यांची अधिकृत अजिंक्यपद स्पर्धा १८९० साली सुरू झाली, म्हणजे ती आपल्या सार्वजनिक गणेशोत्सवाहून तीन वर्षांनी थोरली. एक सामना चार दिवसांचा, एका दिवसाची षटकं ९६. आणि चार दिवस एवढे कष्ट उपसून पुष्कळदा निकाल काय, तर अनिर्णित! जावईबापूंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा चार दिवस सरकारी कचेरीत हेलपाटे घालून साहेब रजेवर निघालेल्या माणसासारखा झाला.

तर वूस्टर. ह्या गावाचं नाव इंग्रजीत लिहायला नऊ अक्षरं लागतात. बोलायला त्यातली निम्मीच पुरतात. उरलेली इंग्रज कुठे जपून ठेवतो ते त्याचं त्याला ठाऊक. आपल्याकडे हॉटेलात ज्याचं नाव घेता येत नाही म्हणून 'तो काळा सॉस द्या' म्हणतात, तो मूळचा इथला. बर्मिंगहॅमहून गाडीत बसायचं, गावातून चालत नदीपर्यंत यायचं, सेव्हर्नवरचा पूल ओलांडायचा, की डाव्या हाताला मैदान. नदीच्या अलीकडे क्रिकेट आणि पलीकडे भलंमोठं कॅथीड्रल. त्या कॅथीड्रलात जॉन राजा पुरलेला आहे; ज्याच्याकडून सरदारांनी १२१५ साली मॅग्ना कार्टावर शिक्का मारून घेतला, तोच. १२१६ पासून तो तिथे स्वस्थ पडून आहे. नदीच्या अलीकडे काही प्रेक्षक त्याच्याशी चुरस करत होते.

प्रेक्षक सातआठशे असतील. जावईबापूंचा अंदाज अगदीच चुकला म्हणायचा. मात्र ते बसले होते अशा अंतराअंतराने की एखाद्या वर्गात मास्तरांनी कॉपी होऊ नये म्हणून बसवावं. दर माणसाशेजारी एक खुर्ची पिशवीची, एक कोटाची. मांडीवर ब्लँकेट. पिशवीत थर्मास, सँडविच, दुर्बीण, आणि वर्तमानपत्र शब्दकोड्याच्या बाजूने घडी घातलेलं. सौ.ने हे पाहिलं मात्र, तिला एकदम माहेरच्या माणसांत आल्यासारखं वाटलं. आमच्याही पिशवीत पोळीभाजी, थर्मास, दोन स्वेटर आणि एक कानटोपी होती. मे महिन्यात कानटोपी कशाला, असा वाद मी सकाळी घातला होता. साडेअकराला ती माझ्या डोक्यावर होती.

सौ.ने पाऊण तास निमूटपणे खेळ पाहिला आणि मग हळूच विचारलं, "हे सुरू कधी व्हायचं?"

"सुरू होऊन बारा षटकं झाली."

"अगंबाई!" असं म्हणून तिने लोकरीचा गुंडा काढला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंचंही विणकाम चाललं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघींनी एकमेकींचे टाके तपासले होते. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला मराठी. त्यामुळे संभाषणात खंड म्हणून पडला नाही.

आता 'काहीच घडत नाही' ह्या आरोपाकडे येतो. त्या सकाळी एक विशी-बाविशीचा पोरगा फलंदाजीला आला. ढगाळ हवा, खेळपट्टीवर ओल, आणि समोर एक उंच, थकलेला, पण कावेबाज गोलंदाज. त्याने पहिल्या तीन षटकांत पोराला पाच वेळा चकवलं. चेंडू बॅटच्या कडेजवळून असा जायचा की पाचही वेळा स्लिपमधल्या चौघांनी डोक्याला हात लावला. पोरगा काय करणार? दर वेळी खेळपट्टीवर दोन पावलं चालायचा, बॅटने नसलेली माती उकरायचा आणि परत उभा राहायचा. पन्नास मिनिटांत त्याच्या आठ धावा झाल्या. मग हळूहळू तो चेंडू सोडायला शिकला. आमच्या डोळ्यांदेखत शिकला! स्टंपाबाहेरचा चेंडू त्याने हात उंचावून पहिल्यांदा शहाणपणाने सोडला, तेव्हा आमच्या बाजूच्या पाचसात म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. काउंटीतल्या टाळ्याही वेगळ्या असतात. पोळ्या लाटून झाल्यावर हाताचं पीठ झटकावं तशा, दोन किंवा तीन. एका माणसाने एक चेंडू मारला नाही म्हणून दुसरी माणसं टाळ्या वाजवतात, असा दुसरा खेळ मला दाखवा. शंभर चेंडूंच्या खेळात त्या पोराला पन्नास मिनिटं कोण देणार? पाचव्या चेंडूला त्याने आडवी बॅट फिरवली असती, कॅच गेला असता, आणि पडद्यावर बदकाचं चित्र नाचलं असतं. घडलं असतं पुष्कळ. तो शिकला मात्र काही नसता.

आणि ह्या पेंगुळलेल्या मैदानावर काही घडलंच नाही म्हणता? डॉन ब्रॅडमन इंग्लंडच्या दौऱ्यावर यायचा तेव्हा दौऱ्याची सुरुवात इथे करायचा. १९३०, १९३४ आणि १९३८ अशा तिन्ही वेळा त्याने इथे द्विशतक ठोकलं. १९४८ साली मात्र १०७ वरच भागवलं. वय झालं होतं. इथल्या एका स्टँडला बेझिल डॉलिव्हेराचं नाव आहे. केपटाऊनचा हा माणूस. कातडीच्या रंगापायी त्याला स्वतःच्या देशाकडून खेळता येत नव्हतं. तो १९६० साली इंग्लंडला आला आणि पुढे वूस्टरशरने त्याला आपला म्हटलं. १९६५ साली काउंटी जिंकणाऱ्या संघात तो होता. १९६८ साली इंग्लंडच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी त्याचं नाव आलं. तिथल्या सरकारने हा माणूस चालणार नाही म्हटलं, दौरा मोडला, आणि १९७० ते १९९१ दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर बसली. एका जिल्ह्याच्या संघाने एका माणसाला शांतपणे बॅट हातात घेऊन उभं राहू दिलं, त्याचे धक्के इतक्या लांबपर्यंत पोचले. त्यासाठी उजेडाचे झोत लागले नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत लोक उठून सरळ मैदानात शिरले! मी घाबरून पोलिस शोधू लागलो. तर ही इथली जुनी रीत निघाली. मधल्या खेळपट्टीला तेवढा दोर लावलेला असतो, बाकी गवत सगळ्यांचं. नातवंडं टेनिसचा चेंडू खेळत होती, आणि आजोबा दोराशी वाकून, स्थळ बघायला आल्यासारखे खेळपट्टी निरखत होते. मी बूट काढून त्या गवतावर चाललो. आपल्याकडे मोठ्या मैदानाच्या गवताला पाय लावायचा तर एक कसोटीपटू तरी व्हावं लागतं, नाही तर मंत्री. सौ. केकच्या रांगेत होती. इथल्या लेडीज पॅव्हिलियनमधले केक क्रिकेटइतकेच प्रसिद्ध आहेत, आणि सौ.च्या मते काकणभर सरस.

माझ्या डाव्या बाजूला, एक कोट आणि एक पिशवी सोडून, एक आजोबा बसले होते. पंचाहत्तरीपुढचे असावेत. मांडीवर जाडजूड स्कोअरबुक, हातात तीन रंगांच्या पेन्सिली. दर चेंडू ते टिपून ठेवत होते. मैदानावर फलक होता, त्यावर सगळं दिसत होतं, अधिकृत स्कोअरर आत बसले होते, तरी आजोबांचा त्यांच्यावर भरवसा नसावा. सकाळपासून ते दोन वाक्यं बोलले होते. अकराला म्हणाले, "गारठा आहे." एकला म्हणाले, "अजून आहे." चहाच्या सुट्टीत मी भारतातला, हे त्यांना कळलं. (कानटोपीवरून कळलं असावं.) त्यांनी विचारलं, "झहीर?"

"झहीर खान? हो तर! आमच्या श्रीरामपूरचा!" मी म्हणालो. मी श्रीरामपूरचा नाही, पण सातासमुद्रापलीकडे नगर जिल्हा काय नि पुणे काय, सगळं आमचंच.

आजोबा म्हणाले, "दोन हजार सहा. अठ्ठ्याहत्तर."

एवढंच. ज्ञानेश्वरीतली ओवी सांगावी तसं. मग त्यांनी एसेक्सविरुद्धचा डाव सांगितला, त्यात त्याने एकट्याने नऊ बळी घेतले होते. मी ऐकत राहिलो. २००६ साली झहीर भारतीय संघाबाहेर होता. इकडे त्याच्या नावावर फुली मारणारे पुष्कळ होते. साखर कारखान्यांच्या मुलखातला हा मुलगा तेव्हा ह्या नदीकाठी आला आणि एक अख्खा मोसम, दिवसामागून दिवस, थंडीत, सातआठशे म्हाताऱ्यांसमोर चेंडू टाकत राहिला. त्या मोसमात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ७८ बळी. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, ट्रेंटब्रिजला त्याने इंग्लंडचे नऊ बळी घेतले आणि भारताने इंग्लंडात मालिका जिंकली, १९८६ नंतर पहिल्यांदा. २०११ च्या विश्वचषकात त्याचे २१ बळी. त्याच्याइतके त्या स्पर्धेत फक्त आफ्रिदीला मिळाले. ते २१ आपण सगळ्यांनी पाहिले. पेढे वाटले, फटाके लावले, रस्त्यावर नाचलो. पण त्यांच्या मागचे ते ७८?

बघायला गेलं कोण? हे आजोबा गेले. लाल पेन्सिल घेऊन.

म्हणून मला ह्या प्रश्नाचा राग येतो. आणि तो प्रश्न विचारणारे नुसते विचारून थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी काय केलं पाहा. २०२१ साली त्यांनी हंड्रेड सुरू केलं. एका बाजूला शंभर चेंडू. त्याला उन्हाळ्यातला सोन्यासारखा ऑगस्ट दिला. त्या महिन्याच्या बऱ्याचशा भागातून चार दिवसांचं क्रिकेट हद्दपार झालं आणि एप्रिल-मे नि सप्टेंबर ह्या दोन टोकांना त्याची दाटीवाटी झाली. एप्रिलमधलं इंग्लंड तुम्ही पाहिलंय? तिथे त्या दिवसांत झाडंसुद्धा पानं काढायला कां कूं करतात. २०२४ साली सेव्हर्नच्या पुरापायी वूस्टरशरला मोसमाच्या सुरुवातीचे घरचे सामने किडरमिन्स्टरला हलवावे लागले. म्हणजे पंगत मांडायची पहाटे चारला, तीही अंगणात, पाऊस चालू असताना, आणि पानं रिकामी राहिली की म्हणायचं, "बघा, लोकांची भूकच मेली!" आणि आचाऱ्याला घरी पाठवायचं.

गंमत अशी की वीस षटकांचा खेळसुद्धा ह्या काउंट्यांनीच जन्माला घातला. २००३ साली, चार पैसे मिळावेत, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर माणसांनी यावं म्हणून. भस्मासुराची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. इंग्रजांनी ती वाचलेली नसावी.

ह्यावर जावईबापूंचा मुद्दा तयार असतो, आणि तो पोकळ नाही, हे मी मान्य करतो. ते म्हणतात, "बाबा, पैसा कुठून येतो? तुमच्या आजोबांच्या सँडविचमधून?" बरोबर आहे. सभासदांच्या वर्गणीवर काउंटीची चूल पेटत नाही. झटपट क्रिकेट आणि टीव्ही ह्यांचा पैसा नसेल तर अठरापैकी किती दुकानं उघडी राहतील, सांगवत नाही. २०२५ साली हंड्रेडच्या आठ संघांतले हिस्से विकले, त्यातून पन्नास कोटी पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली, आणि त्यातला मोठा वाटा काउंट्यांकडे जायचा ठरला. ठीक. पण घरातला कमावता मुलगा पैसे देतो म्हणून त्याने आईवडिलांची उन्हाची खोली काढून घ्यावी आणि त्यांना माळ्यावर झोपवावं, हे कुठल्या घरातलं वळण? वर पाहुण्यांना सांगायचं, "म्हातारी हल्ली खाली येतच नाहीत हो!"

आणि हे हिस्से घेतले कोणी? आठांपैकी चार संघांत आपल्या आयपीएलच्या मालकांनी. म्हणजे हा मामला काही परक्याच्या घरचा राहिलेला नाही. आपण रात्री जेवता जेवता जे सामने बघतो, त्यातल्या दर षटकानंतर ज्या जाहिराती गिळतो, त्यातून जमलेला पैसा आता त्या आजोबांचा ऑगस्ट विकत घेतो आहे. दीडशे वर्षं त्यांनी आपल्याला लुटलं, आता आपली पाळी, असं म्हणणारे माझ्या ओळखीत आहेत. सूड म्हणून कल्पना बरी आहे. पण सूड उगवायला तुम्हाला तो शब्दकोडं सोडवणारा पेन्शनरच सापडला?

आपल्याकडे तरी काय निराळं आहे? जानेवारी २०२५ मध्ये विराट कोहली बऱ्याच वर्षांनी दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला. हजारोंनी लोक लोटले, फाटकाशी चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली. कोहली ६ धावांवर बाद झाला आणि लोक उठून चालू लागले. मॅच तिथेच होती, बाकीचे एकवीस जण खेळतच होते. डोकी मोजणाऱ्यांच्या वहीत तो दिवस फार थोर म्हणून नोंदला गेला असेल. माझ्या मते त्या दिवशी मॅच बघायला आले होते ते कोहली गेल्यावरही बसून राहिलेले.

उलट, भाऊसाहेब निंबाळकरांचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९४८, पुण्याचं पूना क्लबचं मैदान, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ चा विक्रम हाताशी आला असताना समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. तो डाव आपण स्वतः पाहिला असं सांगणारे इतके पुणेकर मला तरुणपणी भेटले, की त्या दिवशी पर्वतीपासून बंडगार्डनपर्यंत खुर्च्या मांडल्या असत्या तरी त्या पुरल्या नसत्या. तेव्हाही कुणी तरी म्हणालंच असेल, रणजी बघायला जातं कोण?

माझी मागणी फार मोठी नाही. हंड्रेड बंद करा असं मी म्हणत नाही; माझ्या नातीला ते आवडतं आणि तिच्याशी वैर मला परवडणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये, ऊन असताना, दर काउंटीला घरच्या मैदानावर चार दिवसांच्या दोन-तीन मॅचेस द्या. शनिवार-रविवार त्यात येऊ द्या, म्हणजे शाळेतली पोरंही आजोबांबरोबर येतील आणि जेवणाच्या सुट्टीत गवतावर पळतील. केकचा भाव वाढवू नका. बाकीच्या दिवशी तुमची गाणी वाजवा, झोत फिरवा, काय हवं ते करा. आणि एप्रिल महिना सेव्हर्नला देऊन टाका. त्या मैदानावर तिची वहिवाट आपल्या सगळ्यांच्या आधीची आहे.